रविवारच्या खुल्या सरावाला येण्याआधी

इम्प्रॉव्ह म्हणजे हातात संहिता नसताना, समोरचा काय बोलला एवढ्या आधारावर त्याच क्षणी उभं केलेलं विनोदी नाट्य. आपल्याला ही गोष्ट परकी नाही. तमाशातली बतावणी अशीच रंगते. विषय ठाऊक असतो, वाक्यं ठरलेली नसतात, आणि सोंगाड्या त्या गावातलं, त्या रात्रीचं काहीतरी उचलून त्यात घालतो. तरीही चौकशीला आलेले बहुतेक जण दबक्या आवाजात एकच विचारतात, "मी तेवढा विनोदी नाही, चालेल का?"

चालेल. विनोदी असण्यापेक्षा ऐकता येणं इथे जास्त लागतं, आणि ऐकणं सरावाने येतं.

पैलवान कुस्ती ठरलेली नसली तरी रोज तालमीत जातो. आमचा खुला सराव तसाच आहे. इथे प्रेक्षक नसतात, निवड नसते, प्रयोग जवळ आलेला नसतो. आठ आठवड्यांचा वर्ग आम्ही वेगळा घेतो, त्यात टप्प्याटप्प्याने शिकवतो. खुल्या सरावाला मात्र तुम्ही एकाच रविवारी आलात आणि परत कधी आला नाहीत, तरी कुणी विचारणार नाही.

अडीच तासांत काय होतं

पहिली वीस मिनिटं सगळे गोल करून उभे राहतात. टाळी एकाकडून दुसऱ्याकडे देणं, एकेका शब्दाने गोष्ट पुढे नेणं, असे खेळ चालतात. शब्दांच्या खेळात नवखा माणूस लगेच ओळखू येतो, कारण तो आपली पाळी येण्याआधीच शब्द ठरवून ठेवतो आणि मग शेजाऱ्याने वाक्य भलतीकडे नेलं की अडकतो. तिसऱ्या फेरीपर्यंत ही सवय सैल व्हायला लागते. त्यानंतर जोड्या पाडतो. सगळ्या जोड्या एकाच वेळी खेळतात, म्हणजे कुणाकडे कुणी बघत बसत नाही. शेवटचा तासभर तीन-तीन मिनिटांचे प्रवेश असतात. तेव्हा बाकीचे बसून पाहतात.

प्रवेशाचा पहिला नियम असा, की समोरच्याने जे मांडलं ते खरं धरायचं आणि त्यात आपलं काही घालायचं. समजा एक जण म्हणाला, "काका, तुमची चादर अजून ओलीच आहे." यावर "ही चादर नाही, टॉवेल आहे" असं उत्तर आलं, तर प्रवेश तिथेच बसला. "ओलीच राहणार, रात्रभर विहिरीत होती" असं आलं, तर पहिल्याला पुढचं दार उघडलं: "म्हणजे आजोबा अजून विहिरीतच आहेत?" दोघांपैकी कुणीही विनोद शोधायला गेलेलं नाही. कीथ जॉन्स्टन यांनी आधी लंडनमध्ये आणि पुढे कॅनडातल्या कॅल्गरीत नट घडवले. ते विद्यार्थ्यांना हेच सांगत, की नवीन, अचाट काही सुचवायच्या मागे लागू नका, जे समोर दिसतंय ते बोला.

त्यांचं दुसरं काम पात्रांच्या मानपानावर होतं. कोण वरचढ, कोण दबलेला, आणि ते कधी उलटं होतं, यावर त्यांचे कितीतरी खेळ आहेत. आमच्या मते हे मराठीत जास्त मजेने खेळता येतं, कारण आपल्याकडे एका सर्वनामाने माणूस खुर्चीवर चढतो किंवा उतरतो. मागे एका प्रवेशात खिडकीमागचा कारकून "ए, फॉर्म नीट भर की बे" असं खेकसत होता. मग त्याने फॉर्मवरचं आडनाव वाचलं, हळूच उठून उभा राहिला आणि म्हणाला, "अहो, तुम्ही उभे का? बसा ना." समोरचा मुलीचा होणारा सासरा निघाला होता. सगळा हॉल हसला तो त्या "अहो"वर. म्हणून आम्ही महिन्यातला एक रविवार फक्त तू, तुम्ही आणि आपण यांच्यावर घालवतो.

भाषा कोणती?

जी घरात बोलता ती. आपल्या शहरात मराठीइतक्याच सहज तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडतात, त्या सगळ्या सरावात येऊ द्या. समोरच्याला कळली नाही तरी तो सूर आणि हातवारे पाहून उत्तर देईल, आणि तेवढ्यासाठी त्याला नेहमीपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागेल. या खेळांचं मूळही अशाच गावात आहे. व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोमध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसोबत काम करताना भाषेची भिंत ओलांडायला नाट्यखेळ रचले. १९६३ साली ते पुस्तकरूपात आले. त्याआधीच, १९५९ मध्ये, त्यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांसोबत शिकागोत सेकंड सिटी ही मंडळी सुरू केली होती, आणि हेच खेळ तिथल्या कामाचा पाया ठरले. गिरणगाव म्हणून वाढलेल्या सोलापूरला हे खेळ शोभतात, असं आम्हाला मनापासून वाटतं.

थांबवण्याचा हक्क

समोरच्याचं म्हणणं खरं धरायचं, हा नियम पात्रांसाठी आहे. तो नटावर बंधन नाही. सुरुवातीच्या दिवसांत आमच्याकडे एका मुलीला प्रवेशात हात धरून ओढलं गेलं. नियम मोडेल या भीतीने ती गप्प राहिली आणि नंतर आलीच नाही. ती चूक आमची होती, कारण फरक समजावून सांगणं आमचं काम होतं. तेव्हापासून सरावाआधी प्रत्येक जण जोडीदाराला सांगतो की कुठे हात लागलेला चालेल आणि कुठे नाही. "थांब" म्हटलं की प्रवेश त्या शब्दावर थांबतो. कारण विचारलं जात नाही. जात, धर्म किंवा कुणाचं शारीरिक व्यंग यांवर हशा मिळवायला गेलात, तर मार्गदर्शक तिथेच प्रवेश वळवेल.

सूचना फक्त मार्गदर्शक देतो, तीही बहुतेकदा खेळ चालू असतानाच, बाजूने एखाद्या वाक्यात. सहभागींनी एकमेकांना सल्ले देऊ नयेत. मोबाइल टोपलीत ठेवावे लागतात आणि चित्रीकरण अजिबात नाही. फसायची मोकळीक हवी असेल तर त्याची क्लिप फिरणार नाही याची खात्री हवीच.

वेळ, जागा, फी

दर रविवारी संध्याकाळी ५ ते ७.३०, जुळे सोलापुरातल्या आमच्या हॉलमध्ये. एप्रिल-मेमध्ये पत्रा रात्रीपर्यंत तापलेला असतो, म्हणून तेव्हा ६.३० ला सुरू करतो. संक्रांतीच्या आठवड्यात गड्ड्याच्या यात्रेमुळे सराव नसतो. फी एका वेळेची १०० रुपये, आणि विद्यार्थ्यांना ५०. वय १६ पूर्ण हवं. १८ च्या आतल्यांनी पालकांची चिठ्ठी आणावी.

एका वेळी १६ जणच घेतो. पूर्वी येईल त्याला आत घेत होतो, तेव्हा काही जण दोन-दोन तास भिंतीला टेकून बसून घरी गेले. पैसे घेऊन असं बसवणं बरोबर नव्हतं. म्हणून शनिवारी रात्रीपर्यंत नाव नोंदवा, आणि येणं जमणार नसेल तर तेही कळवा, म्हणजे वाट पाहणाऱ्याला जागा मिळेल.

जमिनीवर बसता येईल असे कपडे घाला. पाण्याची बाटली आणा. सरावाला सुरुवात होऊन दहा मिनिटं झाली की दार लावतो. त्यानंतर पोचलात तर मधल्या चहाच्या वेळी आत या.