मक्ता, बटई आणि इक्विटी

विदर्भात दुसऱ्याचे वावर कसायला घेण्याच्या दोन रीती रुळलेल्या आहेत. मक्त्यात वर्षाची रक्कम आधीच ठरते आणि पाऊस कसाही पडला तरी ती बदलत नाही. बटईत वावराच्या मालकाला पिकाचा वाटा, बहुधा निम्मा, मिळतो आणि पीक बुडाले की त्याचा वाटाही बुडतो. वित्तशास्त्रातील कर्ज आणि इक्विटी यांच्यातला फरक बराचसा असाच आहे. कर्ज देणाऱ्याचा आकडा ठरलेला असतो. इक्विटी म्हणजे सगळ्यांची देणी भागवून मागे जे उरेल त्यावरचा मालकी हक्क.

‘मागे जे उरेल’ हे शब्द हिशेबाने तपासून पाहावेत. समजा, एका कास्तकाराच्या कापसाचे १ लाख रुपये आले, बियाणे, खत, फवारणी आणि वेचाई यांत ६० हजार गेले आणि पीककर्जाचे ३० हजार फेडायचे आहेत. उरले १० हजार. भाव १० टक्क्यांनी उतरला, तरी कृषी केंद्राची उधारी, मजुरांची वेचाई आणि बँकेचे कर्ज यांत एका रुपयाचीही सूट मिळत नाही आणि कास्तकाराचे १० हजार पूर्ण जातात. भाव तेवढाच चढला, तर त्याची शिल्लक दुप्पट होते. त्याने आयुष्यात एकही शेअर घेतलेला नसला, तरी आपल्या वावराचा इक्विटीधारक तो स्वतःच असतो.

कंपनीचा भागधारकही असाच रांगेत शेवटी उभा असतो, पण कास्तकाराला नसलेले दोन आधार त्याला आहेत. कंपनी बुडाली तरी गुंतवलेल्या रकमेपलीकडे त्याच्याकडून वसुली होत नाही, आणि शेअर बाजारात नोंदलेला शेअर तो नको वाटेल तेव्हा विकू शकतो. या बाजारातील रोजच्या व्यवहारांत पैसा बहुतेक वेळा कंपनीकडे जातच नाही, तो एका भागधारकाकडून दुसऱ्याकडे जातो. कंपनीला पैसा मिळतो तो नवे शेअर विक्रीला काढताना. उभ्या पिकातला आपला हिस्सा ऑगस्टमध्येच विकून मोकळे होण्याची अशी सोय कास्तकाराला नाही, आणि पीक गेले तरी कर्ज त्याच्या नावावर राहते.

त्याच्या ओळखीचा बाजार मालाचा आहे. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. अर्थशास्त्र मात्र ‘बाजार’ याहून व्यापक अर्थाने घेते: खरेदीदार आणि विक्रेते मिळून जेथे भाव ठरतो ती सारी व्यवस्था, तिला आवार असो वा नसो. यवतमाळच्या हर्रासात निघणाऱ्या भावावर न्यूयॉर्कच्या वायदे बाजाराची छाया असते ती यामुळे.

अर्थशास्त्रात ‘इक्विटी’चा अर्थही बदलतो, तेथे ती न्याय्य वाटप ठरते. दिवाळीच्या देण्यांसाठी कापूस लगेच विकणारा आणि घरात साठवून उन्हाळ्यापर्यंत थांबू शकणारा, दोघांनाही हर्रास एकाच नियमाने वागवतो. पण थांबण्याची ऐपत दोघांची सारखी नाही, हे भावात दिसत नाही. हे दोन अर्थ एका शब्दात आले त्यामागे गहाण जमीन आहे. इंग्लंडमध्ये कर्जफेडीची मुदत चुकली की गहाण ठेवणाऱ्याची जमीन कायद्याने जात असे. न्यायबुद्धीने निवाडा करणाऱ्या न्यायालयाने, ज्याच्या न्यायाला ‘इक्विटी’ म्हणत, मुदतीनंतरही कर्ज फेडून जमीन सोडवण्याचा हक्क मान्य केला. कर्ज वजा जाता मालकाचे जे उरते, त्याला पुढे तेच नाव पडले. सावकाराकडे वावर गहाण पडल्याच्या आठवणी ज्या घरांत आहेत, त्यांना हा हक्क किती मोलाचा ते सांगावे लागू नये.

शेतकरीच जिचे भागधारक असतात त्या शेतकरी उत्पादक कंपनीत ‘इक्विटी’चे हे दोन्ही अर्थ मला पुन्हा जवळ आलेले दिसतात. २००२ च्या कायदा दुरुस्तीने अशा कंपन्यांना वाट मिळाली. सभासद व्यक्ती असतील, तर शेअर कितीही असोत, प्रत्येकाला मत एकच, आणि सभासदाची जबाबदारी मर्यादित. २०२० च्या केंद्रीय योजनेत सभासदांच्या भांडवलाइतकेच अनुदान, प्रतिसभासद २ हजार रुपयांपर्यंत आणि कंपनीमागे कमाल १५ लाख, ठेवले गेले. मात्र हा शेअर शेअर बाजारात विकता येत नाही. तो संचालक मंडळाच्या संमतीने, दर्शनी, म्हणजे शेअरवर लिहिलेल्या मूळ किमतीलाच आणि सक्रिय सभासदालाच देता येतो. त्यामुळे कंपनी भरभराटीला आली, तरी त्याची किंमत चढत नाही. वाढीचा लाभ सभासदाला मिळतो तो मर्यादित परताव्यातून आणि कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात वाटल्या जाणाऱ्या बोनसमधून, म्हणजे बव्हंशी तिथे घातलेल्या मालाच्या वजनावर.