एलईडी मॅट्रिक्स घड्याळ

ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या एलईडींच्या पटलावर ठिपक्यांनी अंक उमटवून वेळ दाखवणारे, बहुधा हौसेखातर घरीच जुळवलेले इलेक्ट्रॉनिक घड्याळ. साध्या अंकदर्शक घड्याळात प्रत्येक अंकाचे सात भाग ठरलेले असतात. येथे प्रत्येक ठिपका स्वतंत्र असल्याने अंकांचे वळण, देवनागरी अक्षरे किंवा सरकता मजकूर यांपैकी काहीही त्याच पटलावर दाखवता येते.

सर्वाधिक वापरात असलेली रचना म्हणजे ८×८ ठिपक्यांचे चार संच शेजारी जोडून केलेले ३२×८ चे पटल. पाच ठिपके रुंद व सात ठिपके उंच असे चार अंक आणि मधला विसर्ग यांना अंतरे धरून २५ स्तंभ लागतात. सेकंदही हवे असतील तर अंक तीन ठिपक्यांइतके अरुंद करावे लागतात व ते लांबून वाचणे कठीण जाते.

या पटलावरील २५६ एलईडींना वेगवेगळ्या तारा जोडणे व्यवहार्य नसते, म्हणून एका वेळी एकच ओळ पेटवून सर्व ओळी झपाट्याने आळीपाळीने फिरवल्या जातात आणि दृष्टिसातत्यामुळे डोळ्यांना संपूर्ण चित्र स्थिर भासते. मॅक्स७२१९ ही एकात्मिक मंडल-चकती (आयसी) ६४ एलईडींचे हे काम स्वतःच, सेकंदाला सुमारे ८०० वेळा, करते. प्रकाशाच्या १६ पातळ्याही तिच्यातच असतात. अशा अनेक चकत्या एकामागून एक साखळीने जोडता येत असल्याने घड्याळाचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरकडून पटलाकडे विद्युतपुरवठ्याखेरीज तीनच तारा न्याव्या लागतात. मात्र ५ व्होल्टवर चालणाऱ्या या चकतीला संकेत ओळखण्यासाठी किमान ३.५ व्होल्ट लागतात, तर ईएसपी८२६६ सारखा मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टच देतो. बहुतेकदा जोडणी तरीही चालते, आणि म्हणूनच मधूनच ठिपके विस्कटू लागले की दोष प्रोग्रॅममध्ये शोधला जातो. संकेताची पातळी वाढवणारे छोटे मंडल मध्ये घालणे हा त्यावरचा सरळ उपाय होय.

पटल देखणे असले तरी घड्याळाची खरी योग्यता वेळ राखणाऱ्या भागावर ठरते. ३२,७६८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा कंप पावणाऱ्या, स्फटिकाची कंपने दोनने पंधरा वेळा भागली की सेकंदाला एक स्पंद मिळतो. स्फटिकात दशलक्षात २० भागांची चूक असली तरी महिन्याला सुमारे ५२ सेकंदांचा फरक पडतो, शिवाय तापमानानुसार तो बदलत राहतो. डीएस३२३१ या चकतीत स्फटिक आतच असून तापमान मोजून चूक सुधारली जाते. ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये ती दशलक्षात २ भागांवर, म्हणजे वर्षाला जेमतेम मिनिटभरावर राहते. वीज गेल्यावर सीआर२०३२ ही बटनासारखी बॅटरी या चकतीला चालू ठेवते. काही तयार मंडलफलकांवर ही बॅटरी प्रभारित (चार्ज) करणारी जोडणी केलेली असते. सीआर२०३२ पुन्हा प्रभारित करण्याजोगी नसल्याने ती जोडणी तोडणे आवश्यक ठरते. वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर वापरल्यास एनटीपी या पद्धतीने इंटरनेटवरून वेळ मिळते, परंतु इंटरनेटची जोडणी तुटलेली असतानाच घड्याळ सुरू झाले तर दाखवायला काहीच नसते. त्यामुळे दोन्ही सोयी एकत्र ठेवणेच शहाणपणाचे.

प्रोग्रॅम लहान असतो, तरी त्यातील एक बारकावा सहज निसटतो. तास आणि मिनिटे वेळ राखणाऱ्या चकतीतून वेगवेगळ्या वेळी वाचली आणि नेमके त्याच क्षणी १०:५९ चे ११:०० झाले, तर क्षणभर १०:०० अशी वेळ झळकू शकते. म्हणून सर्व आकडे एकाच वाचनात सलग घ्यावेत.

बांधणीत पटलापुढे गडद रंगाची, लाल एलईडींसाठी लाल, ॲक्रिलिकची काच बसवतात. बाहेरचा उजेड तिच्यातून आत जाताना आणि परतताना असा दोनदा गाळला जातो, तर एलईडीचा प्रकाश एकदाच, त्यामुळे न पेटलेल्या ठिपक्यांची जाळी दिसेनाशी होते. काळोख्या खोलीत मात्र तोच प्रकाश डोळ्यांना खुपतो, म्हणून प्रकाशसंवेदी रोधक जोडून उजेडानुसार तेज आपोआप कमी करण्याची सोय बहुतेक घड्याळांत केलेली असते.