आयबीडी संशोधकाची प्रकाशन-नोंद

प्रकाशन-नोंद म्हणजे डॉक्टरच्या सीव्हीत शेवटी 'पब्लिकेशन्स' म्हणून पानंच्या पानं असतात ती, आजवर छापून आलेल्या पेपरांची यादी. आयबीडी म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, आतडं सुजण्याचा दीर्घकाळचा आजार. त्याच्या संशोधकाच्या यादीत अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स डिसीज हे दोन आजार असतात, दोन्हीत आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, बरं वाटतं आणि परत उलटतं, असं वर्षानुवर्षं चालतं. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम हे प्रकरण निराळं, त्यात आतड्याला जखमा नसतात, पण एका अक्षराच्या फरकामुळे लोक दोन्हीचे पेपर एकत्र मोजतात.

नाशिककरांना हा विषय अगदीच परका नाही, कारण महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथलंच, दिंडोरी रोडला म्हसरूळकडे, आणि राज्यातल्या मेडिकल कॉलेजांमधून एमडी-एमएस करणाऱ्या बहुतेकांचे थिसिस याच विद्यापीठाच्या नावावर होतात. रेसिडेंट, म्हणजे एमडी-एमएस करणारा डॉक्टर, आधी सिनॉप्सिस म्हणजे अभ्यासाचा आराखडा लिहितो, गाईडच्या सहीसाठी ओपीडीबाहेर ताटकळतो, एथिक्स कमिटीची परवानगी काढतो, मग शौचातून रक्त जाणारा प्रत्येक पेशंट दिसला की फॉर्म घेऊन धावतो, कोलोनोस्कोपीचे आणि बायोप्सीचे रिपोर्ट जमवतो, आणि एवढं सगळं करून पास झाला की थिसिस कपाटात. जर्नलला पाठवून, परीक्षकांच्या शंका निस्तरून छापून आला तरच तो पेपर, नाहीतर यादीत त्याची ओळसुद्धा नाही. माझ्या मते इथली बरीच मेहनत अशीच वाया जाते.

यादी वाचताना आकड्यापेक्षा नाव कितवं आहे ते बघावं. मेडिकलमध्ये साधारण पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं सिनियरचं, मधल्या नावांचं काय सांगावं, कुणी खरंच काम केलेलं असतं, कुणी नुसतं एचओडी, म्हणजे विभागप्रमुख असतं. क्रोन्सचं नाव पडलं तेच मुळी नावांच्या क्रमामुळे. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये १४ पेशंटांवर पेपर छापला, नावं इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लागली, क्रोन पहिले आले आणि आजाराला चिकटले ते कायमचे. ऑपरेशनं करणारे सर्जन बर्ग, त्यांनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही. आणि गंमत म्हणजे ग्लासगोच्या डॅल्झिएलनी असाच आजार १९१३ सालीच लिहून ठेवला होता.

एखादाच पेपर किती जड असू शकतो ते ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांच्या १९५५ च्या पेपरवरून कळतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २१० पेशंटांपैकी काहींना कॉर्टिझोन हे स्टेरॉइड, काहींना नुसती डमी गोळी, आणि कॉर्टिझोनवाले जास्त सुधारले. दिवसाला ६ किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच, वर नाडी ९० च्या पुढे किंवा ताप, की आजार गंभीर समजायचा, ही त्यांचीच मोजपट्टी वॉर्डात अजून वापरतात. याच्यासमोर एकेका पेशंटवर लिहिलेले पन्नास केस रिपोर्ट ठेवले तरी पारडं हलत नाही.

भारतातलं ठळक उदाहरण लुधियानाच्या टीमचं, २००३ साली 'गट' (Gut, म्हणजे आतडं) या जर्नलमध्ये आलेलं. पंजाबात घरोघर जाऊन ५१,९१० लोकांची चौकशी केली, २३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे लाखाला ४४.३. त्याआधी हा आपल्याकडे फारसा नसलेला आजार समजला जायचा. आपल्याकडच्या संशोधकांच्या यादीत अजून एक विषय हमखास असतो, आतड्याचा टीबी की क्रोन्स, कारण दोन्ही दिसायला सारखे, बहुतेकदा लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथेच बसतात, आणि टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी भडकतो.

एच-इंडेक्स हा हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढलेला आकडा, २० म्हणजे निदान २० पेपर असे की प्रत्येकाचा उल्लेख दुसऱ्या पेपरांत किमान २० वेळा झालाय. वय वाढलं की तोही वाढतो, कमी कधी होत नाही, त्यामुळे तरुण डॉक्टरला त्याने मोजू नये.

सगळ्यात डोकं खातं ते आडनाव. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या वेबसाइटवर, 'पाटील एस' टाकून बघा, हाडांचे, डोळ्यांचे, दातांचे, सगळे पाटील रांगेत उभे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरबाईंचे पेपर दोन नावांत वाटले जातात ते वेगळंच. २०१२ पासून ओआरसीआयडी नावाचा १६ आकडी नंबर फुकट मिळतो, तो पेपरांना जोडला की दोन्ही आडनावांचं काम एका खात्यावर येतं, पण जुने पेपर आपले आपणच बसून जोडावे लागतात.