‘यूविट’ आणि ‘सूट’: गोल चित्र नेमकं कुणाचं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी एक जांभळट, गोल चित्र फिरत होतं. खाली ओळ: ‘ॲस्ट्रोसॅटने टिपलेला सूर्य, पुणेकरांना अभिमान!’ अभिमान बरोबर, बाकी चूक. ॲस्ट्रोसॅट या उपग्रहावरची अतिनील दुर्बीण, म्हणजे ‘यूविट’, सूर्याच्या ४५ अंशांच्या आतसुद्धा फिरकत नाही. सूर्यासमोर आली तर कामातून जाईल. चित्र होतं आदित्य-एल१ या सूर्ययानावरच्या ‘सूट’ या अतिनील दुर्बिणीचं. (लक्ष्मी रस्त्यावरच्या पाट्यांवरची सूट वेगळी.)

गोंधळ होण्यासारखाच आहे. दोन्ही अतिनील, दोन्ही इस्रोच्या यानांवर, आणि दोन्हींत गणेशखिंडीतल्या आपल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा हात. यूविटचं नेतृत्व बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे, आयुका त्यात भागीदार. सूट मात्र मुळात आयुकाचीच. आरशांची जातही एकच, रिची-क्रेत्यां. मोठा अंतर्वक्र आरसा, त्याच्यासमोर छोटा बहिर्वक्र, दोघांनाही हायपरबोलाचा बाक. त्यामुळे चित्राच्या कडेला असलेल्या ताऱ्यांनाही शेपूट फुटत नाही. भिंगांऐवजी आरसे का, तर साधी काच अतिनील किरण गिळून टाकते. आणि वर जायचं का, तर ३०० नॅनोमीटरच्या खालचं जवळजवळ सगळं ओझोन वाटेतच अडवतो.

इथवर जुळ्या बहिणी. पण एकीच्या नशिबी प्रकाशाचा दुष्काळ, दुसरीच्या दारात पूर. पुढचे सगळे फरक इथूनच निघतात.

आधी दुष्काळ. यूविट २८ सप्टेंबर २०१५ ला वर गेली, ६५० किलोमीटरवर. खरं तर त्या दोन दुर्बिणी आहेत, प्रत्येकीचा आरसा साधारण ३७.५ सेंटिमीटर. एक १३० ते १८० नॅनोमीटरचा दूरचा अतिनील बघते. दुसरीतला प्रकाश आत दुभागतो: २०० ते ३०० चा जवळचा अतिनील एकीकडे, ३२० ते ५५० चा दुसरीकडे. हा शेवटचा मार्ग मुख्यतः उपग्रहाचं डुलणं मोजायला ठेवला आहे. उपग्रह एका जागी खिळून राहत नाही, म्हणून ओळखीच्या ताऱ्यांवरून तो किती सरकला ते काढतात आणि जमिनीवर आल्यावर सगळी चित्रं त्या हिशेबाने सरकवून एकमेकांवर बसवतात.

खरी गंमत डिटेक्टरमध्ये आहे. इथे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, एकेक करून मोजावा लागतो. तो प्रकाशसंवेदी थरावर आपटला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, सूक्ष्म नळ्यांच्या चकतीत त्याचे लाखो होतात, फॉस्फरच्या पडद्यावर ठिपका चमकतो आणि त्यामागचा ५१२ बाय ५१२ पिक्सेलांचा सेन्सर तो टिपतो. हे पिक्सेल तसे जाडेभरडे, एकेक तीन आर्कसेकंदांहून मोठा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). तरी यूविटची चित्रं १.८ आर्कसेकंदांहून बारीक तपशील दाखवतात. कसं? चौकटीच्या वहीवर शाईचा थेंब टाका. डाग आजूबाजूच्या चौकटींत पसरतो, पण कुठली किती भिजली ते बघून निबचं टोक नेमकं कुठे टेकलं ते सांगता येतं. ठिपक्याचा मध्य असाच पिक्सेलच्या छोट्या अंशापर्यंत काढतात. मला विचाराल तर आरशांपेक्षा ही युक्ती जास्त देखणी आहे.

मात्र असला डोळा नाजूक. तेजस्वी तारासुद्धा त्याला सोसत नाही, म्हणून निरीक्षणाआधी त्या भागात कोण कोण आहे ते तपासतात. जवळच्या अतिनीलचा मार्ग २०१८ मध्ये बंद पडला. दूरचा त्यानंतरही काम करत राहिला. याच दुर्बिणीने २०१६ मध्ये २८ तासांहून जास्त वेळ गोळा केलेल्या प्रकाशातून आयुकाच्या कनक साहा यांच्या गटाने ९३० कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका शोधली. तो शोध २०२० मध्ये जाहीर झाला.

आता पूर. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तांब्या घेऊन मुठेकाठी जाण्यात अर्थ नसतो; आधी दरवाजा आवरावा लागतो. सूटचा तो दरवाजा म्हणजे तोंडाशीच बसवलेला थर्मल फिल्टर. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या तिच्या हक्काच्या पट्ट्यातलासुद्धा अर्ध्या टक्क्याहून कमी प्रकाश तो आत सोडतो. मग १४ सेंटिमीटरचा आरसा पुरून उरतो. तोही अक्षापासून बाजूला घेतलेला, म्हणजे छोटा आरसा प्रकाशाच्या वाटेत आडवा येत नाही आणि विखुरलेला उजेड कमी होतो.

फोटॉन मोजायचा प्रश्नच नाही. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलांचा थंड केलेला सीसीडी, म्हणजे कॅमेऱ्याचा प्रकाशसंवेदी सेन्सर, आहे. पण सीसीडीला दृश्य प्रकाशही दिसतो आणि सूर्याकडे तो रग्गड. यूविटच्या दूर-अतिनील डिटेक्टरवरचा सीझियम आयोडाइडचा थर दृश्य प्रकाशाला जन्मतःच आंधळा. सूटला तो आंधळेपणा फिल्टर लावून आणावा लागतो. एकूण ११ तरंगपट्टे, दोन चाकांवर बसवलेल्या फिल्टरांच्या जोड्यांतून निवडायचे.

आदित्य-एल१ निघालं २ सप्टेंबर २०२३ ला, आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवती पोचलं. तिथून सूर्य मावळत नाही. यूविटची निरीक्षणं मात्र कक्षेच्या रात्रीच्या बाजूला, पृथ्वीच्या सावलीत चालतात.

पुन्हा त्या गोल चित्राकडे. यूविटची चित्रंही गोलच असतात, फसगत होते ती इथे. पण ती गोलाई डिटेक्टरची आहे, २८ आर्कमिनिटांची (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). तिच्या कडेशी तारे कापल्यासारखे अचानक संपतात. सूटची चौकट चौकोनी, आणि आतला सूर्य ३२ आर्कमिनिटांचा, भोवती काळी जागा सोडून ऐसपैस मावतो. ग्रुपवरचं चित्र मी मोठं करून पाहिलं. कडेकडे मंदावत गेलेली तबकडी, तिच्यावर दोन काळे डाग, डागांभोवती उजळ पट्टे, आणि बाहेर एकही तारा नाही.