नानकटाई बिघडते ती परातीत

ट्रे बाहेर आला आणि वीस गोळ्यांची मिळून एकच पसरट थापी झालेली दिसली, की बोल लागतो ओव्हनला, नाहीतर सोड्याला. खरा घोटाळा त्याआधीच झालेला असतो, परातीत तूप फेसताना. नानकटाईत जिन्नस मोजून आठ-नऊ; पण खोलीच्या तापमानात थोडा फरक पडला तरी रूप बदलतं ते एकट्या तुपाचं.

आधी माप. साधारण बावीस नगांसाठी मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, साजूक तूप १२० ग्रॅम, खाण्याचा सोडा सपाट पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ. शक्यतो वजन करूनच घ्या. वाटीत मैदा अलगद भरला की दाबून भरला, एवढ्यानेच वीस-पंचवीस ग्रॅम इकडचे तिकडे होतात, आणि इथे तेवढ्याने पीठ कोरडं तरी पडतं किंवा तुपाने निथळतं तरी.

शंकरपाळ्यांना मोहन का घालतात हे बहुतेक घरांत हाताला माहीत असतं: मोहन कमी पडलं की शंकरपाळा दाताने फोडावा लागतो. गव्हाच्या पिठातली प्रथिनं पाण्यात भिजली की त्यांची ग्लुटेन नावाची चिवट जाळी तयार होते. पोळीला ती हवी असते, खुसखुशीत पदार्थाला नको. मोहन पिठाच्या कणांवर तुपाचा लेप चढवतं आणि पाण्याला प्रथिनांपर्यंत पोचू देत नाही. नानकटाईत हाच न्याय टोकाला नेलेला असतो. पिठाच्या निम्म्याहून जास्त तूप आणि पाणी जवळपास शून्य. चांगल्या कढवलेल्या तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं. विकतच्या बटरमध्ये ते सुमारे १६ टक्के असतं. म्हणजे तुपाऐवजी तेवढंच बटर घेतलं तर नकळत चार छोटे चमचे पाणी पिठात जातं. बिस्कीट होतं, वाईटही लागत नाही, पण ती नानकटाई नव्हे.

पीठ मळताना भुगा होतो, गोळा वळत नाही, मग हात दुधाकडे जातो. तिथेच थांबा. दुधात ८७ टक्के पाणी असतं. दोन चमचे दूध घातलं की गोळा छान वळतो आणि भाजल्यावर कडक होतो. चमचाभर तूप घाला. मुठीत दाबलेलं पीठ मुटक्यासारखं राहिलं आणि अंगठ्याने ढकलल्यावर फुटलं, की पुरे. मळत बसायचं नाही. नुसतं गोळा करायचं.

आता तूप. दुधातली स्निग्धता एका ठरावीक तापमानाला वितळत नाही. तिच्यातले काही घटक फ्रीजच्या गारव्यातही पातळ राहतात, तर काही ४० अंशांपर्यंत घट्ट असतात. त्यामुळे पंचवीस-अठ्ठावीस अंशांना तूप धड घट्ट नसतं, धड पातळ नसतं, आणि फेसायला हीच अवस्था लागते. घट्ट स्फटिकांच्या जाळ्यात पातळ तूप आणि हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात. या बुडबुड्यांवर प्रकाश विखुरतो म्हणून पिवळं तूप फेसता फेसता पांढुरकं दिसू लागतं. ट्रेमध्ये नानकटाई फुलते ती याच बुडबुड्यांत. सोड्यातून निघणारा वायू नवे बुडबुडे फारसे तयार करत नाही, असलेल्यांनाच फुगवतो. तूप फेसलंच नसेल तर दुप्पट सोडा घालूनही उपयोग नाही.

नागपूरच्या मे महिन्यात डब्यातलं तूप पाण्यासारखं असतं. असं तूप कितीही घोटलं तरी हवा धरत नाही, आणि त्याचे गोळे ओव्हनमध्ये कडा धरायच्या आधीच वाहून जातात. अशा वेळी परात गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून, तळव्याने गोलाकार फेसत तूप गोठू द्यायचं. सतत हलवत गार केलं की स्फटिक बारीक राहतात. डब्यात संथपणे गोठलेलं तूप रवाळ होतं. भातावर घ्यायला हे दाणेदार तूप उत्तम, फेसायला मात्र नाठाळ. थंडीत उलटा प्रकार: दगडासारखं तूप आधी कोमट जागी मऊ होऊ द्यावं, गॅसवर वितळवू नये.

हाताने आठ-दहा मिनिटं, विजेच्या बीटरने तीन-चार. रंगावर जाताना एक सावधगिरी: म्हशीचं तूप मुळातच पांढरं, कारण त्यात गाईच्या तुपाला पिवळेपणा देणारं कॅरोटीन जवळपास नसतं. त्याच्या बाबतीत रंग न पाहता पोत पाहावा. बोट फिरवल्यावर उमटलेली रेघ तशीच राहिली पाहिजे. पिठाचा थेंब पाण्यात तरंगतो का, ही दहीवड्याची परीक्षा इथे कामाची नाही. तूप तसंही तरंगतंच.

पिठीसाखर तुपाबरोबरच फेसावी. तिचे टोकदार कण तुपात ओरखडे काढत हवा आत नेतात. जाडी साखर चालत नाही, कारण विरघळायला पाणीच नाही. ती शेवटपर्यंत दाताखाली करकरते. घरी दळलेली साखर चाळून घ्या. वेलची-जायफळही याच वेळी, पिठात नव्हे तर तुपात घाला. त्यांचा सुवास देणारी तेलं तुपात विरघळतात आणि भट्टीच्या आचेत कमी उडून जातात.

बेसनात ग्लुटेन नसतं, त्यामुळे ते मैद्याची चिवटाई आणखी कमी करतं. मात्र कच्च्या बेसनाचा उग्रपणा वीस मिनिटांच्या भाजणीत पुरता जातोच असं नाही. मंद आचेवर तीन-चार मिनिटं कोरडं परतून, पूर्ण गार करून मग वापरावं. गरम बेसन फेसलेल्या तुपात पडलं की सगळी मेहनत वितळते.

सोड्याची गोष्ट जरा गंमतीची आहे. बऱ्याच पाककृतींत सोड्याबरोबर चमचाभर दही असतं, सोडा 'फुलवायला'. हिशेब करून पाहा. मोठा चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम दह्यात लॅक्टिक आम्ल असतं जेमतेम ०.१३ ग्रॅम. ते सोडा उदासीन करतं सुमारे ०.१२ ग्रॅम. पाव चमचा सोड्याचं वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दह्याच्या वाट्याला सोड्याचा दहावा भाग येतो. बाकीचा सोडा भट्टीतल्या उष्णतेनेच फुटतो. पण आम्लाशिवाय फुटलेला सोडा आपल्यातला निम्माच कार्बन डायऑक्साइड देतो आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, ठेवतो. जास्त सोड्याच्या नानकटाईला साबणासारखी चव आणि घशात खवखव येते ती यामुळे. याच अल्कलीमुळे रंगही लवकर लालसर चढतो, म्हणून सोडा जास्त पडलेली नानकटाई दिसायला आधी भाजलेली आणि आतून कच्ची राहू शकते. दही घालायचंच तर घट्ट टांगलेलं, छोटा चमचाभर, चवीसाठी. नसलं तरी अडत नाही.

बेकरीवाले ज्याला नुसतं 'अमोनिया' म्हणतात, ते अमोनियम बायकार्बोनेट. उष्णतेने त्याचा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. मागे काही उरत नाही. बेकरीची नानकटाई जास्त हलकी असण्यामागे ते एक कारण. पण पदार्थ पूर्ण सुकला नाही तर वास अडकून राहतो, म्हणून घरच्या छोट्या ओव्हनमध्ये त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

वीस-वीस ग्रॅमचे गोळे करून, दीड सेंटिमीटर जाडीला दाबून, मध्ये तीन बोटांची जागा सोडून ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. गार तूप उशिरा वितळतं, तोवर कडा धरतात. ओव्हन १६५ अंशांवर, पंधरा मिनिटं आधी तापवलेला. मधला खण, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू. अठरा ते बावीस मिनिटं. वरचा पापुद्रा आधी सुकून घट्ट होतो, आतला भाग अजून फुगत असतो, आणि पापुद्रा तडकतो. या भेगा म्हणजे दोष नव्हे. आवाज न करता पसरणारी गुळगुळीत नानकटाई जास्त संशयास्पद.

ओव्हन नसेल तर कढईत किंवा कुकरमध्ये तळाला दीड वाटी मीठ, त्यावर तिवई, आणि आधी दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवणं. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून ठेवलेली. अडचण अशी की उष्णता येते फक्त खालून. बूड करपतं, माथा पांढराच. दोन ताटल्या एकावर एक ठेवून त्यात भाजलं तर बूड वाचतं. वरच्या रंगाचा मोह सोडावा. गोव्यात बेबिंका या थराथरांच्या गोड पदार्थावर झाकणावरून निखारे देण्याची रीत याच अडचणीवरचा तोडगा आहे. मे महिन्यात पीठ-साखर-तूप घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची पद्धत टिकली तीही यामुळेच: भट्टीच्या तापलेल्या विटा चहूबाजूंनी सारखी धग देतात.

बाहेर काढलेली नानकटाई बोट रुततं इतकी मऊ असते. ती कच्ची वाटून पुन्हा आत ढकलू नका. पावात पिठूळ द्रव्य, म्हणजे स्टार्च, पाण्यात शिजून सांगाडा धरतं. इथे पाणीच नसल्याने ते बहुतांशी शिजतच नाही. सांगाडा धरतात ती घट्ट होत जाणारी साखर आणि गोठत जाणारं तूप, म्हणजे दोन्ही कामं थंड होतानाची. बूड फिकट बदामी असेल तर झालं. दहा मिनिटं ट्रेला हात लावू नये, मग जाळीवर काढावं.

डबा भरताना एकही नग कोमट नको, नाहीतर त्याची वाफ सगळ्यांना मऊ करते. पावसाळ्यात साखर हवेतली ओल ओढते आणि नानकटाई सादळते. सादळलेली टाकू नका: १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं, पूर्ण गार होईपर्यंत जाळीवर, मगच चाखा.