जड बॅट म्हणजे लांब सिक्स? टेप बॉलला नाही!

"बॅट वजनदार घे, बॉल लागला की बाहेरच." दुबई-शारजात सुट्टीच्या सकाळी पार्किंगमध्ये टेप बॉल खेळणारी आपली पोरं हे हमखास ऐकवतात. सल्ला लेदर बॉलच्या क्रिकेटमधून आलाय आणि इथे तो फसतो.

टेप बॉल हा मूळचा कराचीचा खेळ: टेनिस बॉलवर इलेक्ट्रिकची टेप घट्ट गुंडाळायची, की झाला बॉल तयार. लेदर बॉल 155.9 ते 163 ग्रॅमचा. टेनिस बॉल 56 ते 59.4 ग्रॅमचा; टेपचे वेढे धरूनही तो लेदरच्या निम्म्याच्या आसपासच राहतो. इतक्या हलक्या बॉलसमोर एक किलोची बॅट आधीच भरपूर जड असते. तिच्यात आणखी पाव किलो घातलं तरी बॉलला मिळणारा वेग किंचितच वाढतो. बॅट फिरण्याचा वेग मात्र चांगलाच घटतो, आणि सिक्स जातो तो त्या वेगावर. यॉर्करवर, म्हणजे थेट पायाशी पडणाऱ्या बॉलवर, बॅट खाली यायला उशीर झाला तर स्टंप गेलाच म्हणून समजा.

म्हणून दुकानात बॅट हातात तोलत बसू नका. एका हाताने, फक्त मनगटावर चार वेळा फिरवा. टोक खाली ओढतंय असं वाटलं तर ठेवून द्या. मागून कोरलेल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या बॅटी याचसाठी असतात, लाकूड वाचवायला नाही. महागड्या इंग्लिश विलो लाकडाची बॅटही नको, काश्मीर विलोची पुरते.

उरलेले पैसे टेपवर घाला. ती स्वस्तातली घेतली की तिसऱ्याच ओव्हरला सुटते.