स्टिअरिंग हलके पडते तेव्हा

वळण संपल्यावर मोटारीचे स्टिअरिंग हातातून सैल सोडले, की ते आपोआप सरळ होऊ लागते. गाडी वळत असताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग किंचित पिळवटतो आणि रस्त्याकडून येणारे आडवे बल त्या भागाच्या मधोमध न लागता थोडे मागे लागते. त्यामुळे पुढच्या चाकांना सरळ करू पाहणारा पीळ तयार होतो आणि तो तळहातापर्यंत पोहोचतो. पॉवर स्टिअरिंग नसलेली जुनी गाडी चालवलेल्यांच्या हातांना तो चांगलाच परिचित असेल. गंमत अशी, की टायरची पकड सुटण्याच्या थोडे आधीच हा पीळ ओसरू लागतो आणि स्टिअरिंग हलके पडते. पुढची चाके घसरणार, याची वर्दी डोळ्यांआधी हातांना मिळते ती अशी.

रेसिंग गेमसाठी स्टिअरिंग घेताना पाहायचे ते हेच, की ही वर्दी ते किती शाबूत पोहोचवते. गेमने टायरवरच्या बलांचे गणित करून काढलेला आकडा स्टिअरिंगमधल्या मोटरकडे जातो आणि मोटर तेवढा जोर लावते. याला फोर्स फीडबॅक म्हणतात. लॉजिटेकच्या जी२९ मध्ये हा जोर गिअरमधून येतो. गिअर दणकट आणि तुलनेने स्वस्त असतात, पण त्यांच्या खडखडीत बारीक फरक हरवतात. थ्रस्टमास्टरच्या टी३०० मधला पट्टा मऊ चालतो, मात्र थोडी थरथर स्वतःच गिळतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसते. २०२१ मध्ये फनाटेकचे सीएसएल डीडी आल्यावर हा प्रकार हौशी खेळाडूच्या बराच जवळ आला.

जाहिरातीत मिरवला जाणारा आकडा न्यूटन-मीटरचा. जी२९ चा जोर सुमारे २ न्यूटन-मीटर, म्हणजे २८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेला साधारण दीड किलोचे वजन टांगावे इतका. ८ न्यूटन-मीटरला तो पावणेसहा किलोच्या आसपास जातो. मोठी मोटर हात दुखवण्यासाठी नसते. गेमने मोटरच्या कुवतीपलीकडचा जोर मागितला, तर ती कमाल मर्यादेवरच अडकते आणि ऐन वळणात पीळ ओसरला तरी हाताला पत्ता लागत नाही. लहान मोटरवर म्हणूनच गेममधला जोर वाढवण्यापेक्षा कमी करणे शहाणपणाचे ठरते, हे नवख्याला सहसा पटत नाही.

माझे मत विचाराल, तर पैसे थोडेच असतील तेव्हा ते आधी ब्रेकच्या पेडलवर घालावेत. साधे पेडल आपण किती खाली गेलो ते मोजते. लोड सेलचे पेडल पाय किती जोराने दाबतो आहे ते मोजते, कारण त्यातला धातू दाबाने केसभर वाकतो आणि त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो. अंतरापेक्षा दाब पायाच्या अधिक लक्षात राहतो, आणि खऱ्या गाडीतही ब्रेक दाबानेच लागतो.

बाकी जी२९ प्लेस्टेशनसाठी, एक्सबॉक्सला जी९२० लागते, संगणकावर दोन्ही चालतात; आणि डुगडुगत्या टेबलाला ८ न्यूटन-मीटरचे स्टिअरिंग आवळले, तर वळणावर टेबलही वळते. दुकानात हात लावायला मिळाला, तर एक लांबलचक वळण घ्यावे, वेग तोच ठेवून स्टिअरिंग हळूहळू अधिक वळवत न्यावे, आणि टायर किंचाळण्याआधी ते हलके पडते का, एवढे पाहावे.